लोखंड्याच्या नाकावर बसलेला बैल

बालमित्रांनो, एका जंगलात शेती होती. जंगलात शेती कशी, असं विचारू नका. ज्यांनी जंगलखात्याचा नकाशा पाहिला आहे, ते असं विचारत नाहीत.

या जंगलावर वाघमहाराजांचं राज्य होतं. महाराज न्यायी होते. कामाच्या जनावराला ते खात नसत. बिनकामाच्याला खात. कामाचं कोण आणि बिनकामाचं कोण, हे ठरवायची रीतही सोपी होती. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला सगळी जनावरं मोठ्या कातळापाशी रांगेत उभी राहायची. महाराज प्रत्येकाच्या खांद्यावरून पंजा फिरवायचे. जुवाखाली खांदा घासून कातडं टणक झालं असेल, घट्टा पडला असेल, तर म्हणायचे, "पुढे चला." खांदा मऊ लागला तर म्हणायचे, "थांबा." थांबलेली जनावरं पुन्हा कुणाला दिसत नसत.

या जंगलात भालबा नावाचं अस्वल राहायचं. त्याची चार बिघे ज्वारी होती, साळू नावाची बायको होती आणि हौश्या नावाचा बैल होता. हौश्या बारा वर्षं त्या रानात नांगर ओढत होता. जमिनीत सागाची मुळं फार. कुठलं मूळ कुठे आहे, हे हौश्याला पाठ होतं. त्याच्या खांद्यावरचा घट्टा बाभळीच्या गाठीसारखा होता. महाराज तो लांबूनच बघत आणि दुसरीकडे तोंड फिरवीत.

जंगलाच्या वेशीवर हत्तीशेठचा कारखाना होता. लहानपणी एका बैलाने हत्तीशेठला भर बाजारात ढुशी दिली होती. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं, की जगातून बैल नाहीसा करायचा. मोठ्या माणसांच्या मोठ्या कार्यामागे असंच काहीतरी असतं, पण ते चरित्रात दुसऱ्या शब्दांत येतं.

हत्तीशेठनी एक यंत्र बनवलं. त्याचं नाव लोखंड्या. आधी यंत्रं एकेक बनत, लोहाराला वेळ होईल तशी. हत्तीशेठनी माकडांची लांब रांग लावली. पहिलं माकड चाक बसवी, दुसरं खिळा ठोकी, तिसरं तो खिळा पिळी. कुठल्याच माकडाला यंत्र म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, म्हणून काम झपाट्याने होई. सकाळी एक माकड शिंकून खोळंबा झाला, तरी संध्याकाळपर्यंत तीस यंत्रं तयार. सगळी सारखी. सगळी राखाडी. कुणी विचारलं, "शेठ, हिरवं नाही का?" तर शेठ म्हणत, "आहे ना. राखाडी रंगात आहे."

आणि दर दिवाळीला यंत्र स्वस्त व्हायचं. शेठनी झाडाझाडावर पाट्या लावल्या होत्या: 'बैल बसला तरी खातो. लोखंड्या उभा असला की काही खात नाही.'

भालबाने लोखंड्या घेतला. साळूने त्याला कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. हौश्याही बाजूला उभा राहून बघत होता. त्यालाही आनंद झाला. बिचाऱ्याने पाटी वाचली नव्हती.

"हौशा, आता तू आराम कर," भालबा म्हणाला. "लई राबलास."

यंत्र चांगलं होतं. फक्त थंडीत चालू होत नसे. भालबा पहाटे हँडल मारायला बसे तो ऊन चढेपर्यंत मारीत बसे. मग खाली शेकोटी पेटवी. शिवाय बैठकीखालीच दातेरी चाकं होती, ती तापत. पौषात भालबाला ते आवडलं. पुढे चैत्रात तो ओलं पोतं घेऊन बसू लागला. ब्रेक नव्हता. पण भालबाला कुठे जायचं नव्हतं, त्यामुळे थांबायची घाई नव्हती.

इकडे हौश्या गोठ्यात बसून होता. साळूला त्याची माया फार. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. लोणी-हळद लावून खांदे चोळतात. वर्षातून एकदा. पण साळू म्हणाली, "बारा वर्षांचं दुखणं एका दिवसात कसं जाईल?" म्हणून ती रोज सकाळी चोळू लागली.

महिन्याभराने हौश्याने मान वळवून खांदा चाटला. जीभ घसरली.

"मालकीणबाई," तो घाबरून म्हणाला, "लोणी नको."

"गप रे. लाजतोस काय?"

"लाजत नाही हो. घट्टा चाललाय माझा."

"जाऊ दे की! काय वाईट दिसायचा तो. आता बघ, कसा वासरासारखा दिसतोस."

हौश्याला रडू आलं. वासरं महाराजांना विशेष आवडत.

त्याने लिंबाच्या झाडाला खांदा घासून पाहिला. झाडाची साल गेली. घट्टा आला नाही. शेजारचे दोन बैल नदी ओलांडून कधीच पळाले होते. पण हौश्याचे गुडघे थकले होते आणि नदीला ओढ होती.

मग तो कोल्हे भाऊसाहेबांकडे गेला. कोल्हे भाऊसाहेब महाराजांचं दप्तर सांभाळत. त्यांच्या ओट्यावर पान, सुपारी, चुना आणि एक दौत असे. दौत वाळलेली होती.

"भाऊसाहेब, माझा घट्टा गेला."

"हरवला का झिजला?"

"लोण्याने गेला."

"लोण्याने," भाऊसाहेबांनी मान हलवली. "लोण्याने बरीच कामं होतात, पण हे उलटंच झालं. अर्ज करा."

"कुणाला?"

"महाराजांना."

"ते वाचतात का?"

"वाचतात ना. जेवणानंतर."

"भाऊसाहेब, पण जेवणात मीच असेन!"

"मग अर्ज निकालात निघाला असं समजू," भाऊसाहेब म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

पौष संपता संपता एक गोष्ट घडली. भालबा नांगरट करीत होता. फाळ सागाच्या मुळात अडकला. बैल असता तर थांबला असता. लोखंड्या थांबला नाही. मागची चाकं जागेवर, फाळ मुळात, आणि यंत्राला तर पुढे जायचं होतं. पुढे जाता येईना म्हणून ते वर गेलं. नाक आभाळाकडे करून ते मागच्या मागे उलटलं. भालबा पाटाच्या चिखलात पडला म्हणून वाचला. पलीकडच्या शिवारातलं रानडुक्कर असंच यंत्रासकट उलटून कोरड्यात पडलं होतं. ते वाचलं नाही.

सगळे शेतकरी हत्तीशेठकडे गेले.

"शेठ, यंत्र उलटतं!"

"यंत्र उलटत नाही," शेठ म्हणाले. "तुमच्या जंगलात मुळं आहेत. जंगलात मुळं असतात हे तुम्ही मला आधी सांगितलं होतं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

"शिवाय माहितीपत्रक वाचा. पान अकरा. 'यंत्र मागे उलटू लागल्यास चालकाने उडी मारावी. दिशा आपापल्या सोयीने.'"

भालबा म्हणाला, "नाक हलकं आहे त्याचं. पुढे वजन टाकलं तर?"

दगड बांधून पाहिला. दोन मुळांतच तो घसरून पडला. तेव्हा मागून आवाज आला.

"मी बसतो."

हौश्या होता.

"तू?" भालबा म्हणाला. "बैल यंत्रावर?"

"दगडाला मूळ ठाऊक नसतं, मालक. मला सगळी ठाऊक आहेत. मूळ आलं की ओरडीन. नाहीच ऐकलंत, तर नाक उचलायच्या आत पुढे झुकीन."

लोखंड्याच्या नाकावर फळी बांधली. हौश्या फळीवर बसला. "डावीकडे मूळ!" तो ओरडे, भालबा वळवी. पंधरा दिवसांत एकदाही यंत्र उलटलं नाही. मग लोक म्हणू लागले, यंत्र आता सुधारलं आहे, बैलाची गरज काय? हे हौश्याच्या कानावर आलं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तो ओरडायला विसरू लागला. नाक हातभर उचललं जाई, भालबा "अगं आई!" म्हणून किंचाळे, हौश्या शांतपणे पुढे झुके आणि नाक खाली येई. भालबा घरी जाऊन सांगे, "साळू, आज हौश्या होता म्हणून."

बघता बघता अक्षय्य तृतीया आली.

महाराज कातळावर बसले. शेजारी कोल्हे भाऊसाहेब. हौश्याची पाळी आली. महाराजांनी खांद्यावरून पंजा फिरवला. एकदा फिरवला, दोनदा फिरवला, मग डोळे मिटून सावकाश तिसऱ्यांदा फिरवला.

"काय हो हे," महाराज मृदू आवाजात म्हणाले. "लोणी लावलं होतं का?"

"होय महाराज."

"थांबा."

रांगेत मागे उभ्या असलेल्या साळूच्या तोंडून हुंदका फुटला. आपण काय करून बसलो, ते तिला आता कळलं. भालबाने तिचा हात धरला. भाऊसाहेबांनी यादीवर बोट ठेवलं.

"महाराज," हौश्या म्हणाला, "मी बिनकामाचा नाही. घट्टा आहे. फक्त जागा बदललीय."

"कुठे आहे?"

हौश्या वळला आणि महाराजांकडे पाठ करून उभा राहिला. असं आजवर कुणी केलं नव्हतं. महाराजांनी नाखुशीने पंजा पुढे केला.

घट्टा होता. तीन महिने फळीवर बसून बसून पडलेला, खणखणीत.

"भाऊसाहेब, हे काय? नियम खांद्याचा आहे ना?"

कोल्हे भाऊसाहेब उठून जवळ आले. त्यांनी वाकून घट्टा पाहिला. त्यांचे डोळे भरून आले.

"महाराज, असाच मलाही आहे. एकोणीस वर्षांचा."

महाराज जरा विचारात पडले. मग त्यांनी कातळावर बसल्या बसल्या किंचित कूस बदलली आणि आपल्याही खाली चाचपून पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम आदबशीर झाला.

"म्हणजे हे काम करत नाहीत," ते म्हणाले.

"नाही महाराज. हे काम पाहतात."

"बसा," महाराज हौश्याला म्हणाले. "उभे का?"

त्याच दिवशी हुकूम निघाला. प्रत्येक लोखंड्याच्या नाकावर एक बैल असावा. नदीपलीकडे पळालेले बैल परत आले. हौश्याला त्या सगळ्यांवर मुख्य नासिकाभार अधिकारी नेमलं. हत्तीशेठनीही झाडावरच्या पाट्या बदलल्या: 'लोखंड्या. आता बैलासह.'

दोन वर्षांनी कारखान्यातल्या एका माकडाला रांगेत उभं असताना चुकून डोकं चाललं. त्याने जड नाकाचा लोखंड्या बनवला. मुळात अडकला तरी उलटत नव्हता. अभिप्रायासाठी कागद हौश्यासाहेबांकडे आला. त्यांनी लिहिलं, 'तपासले. सुधारणेची निकड दिसत नाही. प्रस्ताव परत.'

भालबाला हे कळलं. तो हौश्याच्या ओट्याशी येऊन उभा राहिला. आता साहेबांनी बसा म्हटल्याशिवाय त्याला बसता येत नसे.

"हौशा," भालबा म्हणाला, "म्हणजे, साहेब. त्या नव्या यंत्रावर कुणी मरत नाही म्हणतात."

"खरंय."

"मग परत का पाठवलंत?"

हौश्याने आपल्या खालच्या फळीकडे पाहिलं.

"मालक," तो हळू आवाजात म्हणाला, "मी उतरायचं म्हटलं, तर उतरू कुठे? खाली वाघ आहे."

भालबा घरी गेला, ओलं पोतं अंथरून यंत्रावर बसला आणि हँडल मारायला दुसरं कुणी नाही म्हणून पुन्हा खाली उतरला.

तात्पर्य: यंत्राशी स्पर्धा करणाऱ्याला वाघ खातो. शहाण्याने यंत्रातला दोष हुडकावा, त्यावर फळी टाकून बसावं आणि दोष दुरुस्त होणार नाही एवढी दक्षता घ्यावी. मग कष्ट संपतात आणि कर्तव्य सुरू होतं.