एका बोटाचं शटर

आमच्या तेलगावात तुमच्या घराला शटर असेल आणि ते करकरत असेल, तर कुणाला बोलवायची गरज पडत नाही. अप्पा आपणहून येतात. आधी शटरला कान लावतात. मग पत्र्यावर टिचकी मारतात आणि घरमालकाकडे असं बघतात, जसं काही त्यानं जनावर उपाशी बांधून ठेवलंय.

"काय घातलं बे याला?"

"गोडं तेल, अप्पा."

"शटर तळायचंय का तुला?"

अप्पा म्हणजे आमचे शेजारी विश्वनाथअप्पा. जन्मभर किराणा दुकान चालवलं. दुकान सुटलं, पण शटरचं वेड सुटलं नाही. मुलाच्या जुन्या गाडीसाठी त्यांनी घराखाली गॅरेज बांधलंय. त्या गाडीच्या टायरांतली हवा कधीच गेली, तिची अप्पांना फिकीर नाही. शटर मात्र लोण्यासारखं चालतं.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. अन्याय, शोषण, लढा, सगळं मी त्यांत वाचलं. पण देखभाल हीसुद्धा एक लढाईच आहे, हे एकाही पत्रकात नव्हतं. जुनं फेका, नवं घ्या, असा बाजार दिवसभर कानाशी ओरडत असताना हा माणूस फाटक्या बनियनचं फडकं करून शिडीवर चढतो. मला तर हे कुठल्याही भाषणाहून मोठं वाटतं.

अप्पांचे नियम पक्के. शटर ज्या पट्ट्यांतून वर-खाली सरकतं, त्या नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या. तिथं ग्रीस लावलं की रस्त्याची धूळ आणि उसाच्या ट्रॅक्टरांवरून उडालेलं पाचट चिकटून चिखल होतो. तेल द्यायचं ते वरच्या स्प्रिंगला आणि बेअरिंगला. तेही शिवणयंत्राचं, थेंबाथेंबानं. सैल झालेले बोल्ट आवळायचे, पण स्प्रिंगच्या बोल्टला हात लावायचा नाही. "ती सुटली तर माणूस थेट वैजनाथाला भेटतोय," अप्पा सांगतात.

एकदा कडा गावात भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली आणि नवरीचे मामा सापडेनात. मामा म्हणजे आपले अप्पा. सगळीकडे शोधाशोध झाली. मामा नवं धोतर खोचून कार्यालयाच्या मागच्या शटरपाशी शिडीवर उभे. "आवाज ऐकवंना मला," म्हणाले. त्या नवरीच्या शालूवर मामाच्या बोटांचे काळे ठसे आजही आहेत.

त्यांची परीक्षा एकच. शटर एका बोटानं वर गेलं पाहिजे. मला ते त्यांनी त्यांच्याच शटरवर करून बघायला लावलं, अक्का मठात गेल्या होत्या तेव्हा. अक्का म्हणजे त्यांची बायको. त्या घरात असल्या की अप्पा आपल्या शटरची बढाई मारत नसत. मला वाटायचं, बाईला या वेडाचा कंटाळा आला असेल.

अक्कांना मागे अर्धांगवायू झाला होता. चालणं परत आलं, बोलणं आलं, उजवा हात मात्र लुळाच राहिला. कुणी घास भरवला की त्या रडायच्या. खोलीबाहेर येईनात. मग एका सकाळी त्यांनी त्याच हातानं गॅरेजचं शटर उचललं. तेव्हापासून ते काम त्यांचं. शटर उघडायचं, गाडीपुढच्या मोकळ्या जागेत दाळ निवडत बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना हात दाखवायचा. "देवानं माझा हात माघारी दिला गं."

अशात पुण्याहून मुलाचा, शिवाचा फोन आला. शटरला मोटार बसवतो म्हणाला. बटण दाबलं की आपोआप वर.

"बटण तर शेंबडं पोरगं बी दाबील," अक्का म्हणाल्या. "मग मी काय करू?"

त्या दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. शेवटी अप्पांनी फोनवर शर्त लावली. "गावाकडं ये. माझ्या एका हातानं शटर न्हाई उचललं, तर बसीव तुझी मोटार." मी खूश झालो. ही शर्त हरणं अशक्य होतं. शिवा येणार त्या सकाळी अक्का अंघोळीला गेल्या, तेव्हा मीच एका बोटानं शटर उचलून बघितलं होतं.

शिवा आला, सोबत मोटारीचं खोकं घेतलेला फिटर. निम्मी गल्ली जमली.

"हं अप्पा, दाखवा."

अप्पा पुढं झाले. तेवढ्यात पदराला हात पुसत अक्का पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. अप्पांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग वाकले, शटरची मूठ धरली, दात-ओठ खाल्ले, कण्हले. शटर वीतभर उचललं आणि खाली आलं.

"न्हाई बाबा," अप्पा म्हणाले. "लई जड हाय."

गल्ली हसली. मी चिडलोच. "अप्पा, अहो सकाळी तर..."

अप्पांनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला.

फिटर खोकं फोडायला बसला. तशा अक्का पायऱ्या उतरल्या. "रोजचंच हाय हे. यांच्याच्यानं न्हाई उचलत, म्हणून मलाच हाक मारतेत." त्यांनी उजवा हात मुठीत अडकवला. बोटं पुरती वळतसुद्धा नव्हती. शटर सरसर वर गेलं, आवाज न करता.

"मोटार कावून लागती रे शिवा? मी हाय की."

शिवा आईच्या हाताकडं बघत राहिला. मग फिटरला म्हणाला, "बांधा ते खोकं."

गर्दी पांगल्यावर अप्पा माझ्याजवळ आले. "मघाशी काय बोलायलता बे?"

"काही नाही, अप्पा."

"मग ठीक हाय."

आता गल्लीतली पोरं अप्पांना गाठून विचारतात, "अप्पा, आमचं शटर अडकतंय, अक्काला दाखवू का?" अप्पा म्हणतात, "दाखवा की." आणि गॅरेजात दाळ निवडता निवडता अक्का शेजारणीला सांगत असतात, "म्हाताऱ्याच्या हातात जोर ऱ्हायला न्हाई गं. मलाच बघावं लागतं."

अप्पा बाहेर बसून ते ऐकतात. ऐकता ऐकता खिशातून फडकं काढतात आणि पट्टी पुसायला लागतात.