एल्डर स्ट्रीटवरच्या प्लॉटची हेळसांड

जमीन ही नाशवंत वस्तू आहे. तिच्यावर कोणी घर बांधलं की ती संपते. हे सत्य ओहायोतल्या कार्व्हर फॉल्स गावाला पोलादाचा कारखाना बंद पडून निम्मी वस्ती उठून गेल्यावर उमगलं, आणि नगरपालिकेने जमीन बँक काढली. सोडून दिलेले प्लॉट ताब्यात घ्यायचे आणि गरिबांना परवडतील अशा घरांसाठी द्यायचे, असा तिचा उद्देश. अकरा वर्षांत उद्देशाचा पहिला भाग पूर्ण झाला. जमा प्लॉट चार हजार तीनशे बारा. परवडणारी घरं एक (पुठ्ठ्याचं, बँकेच्या टेबलावर, काचेखाली).

अर्नेस्टाइन टॉलिव्हर यांना या कार्याबद्दल आदर होता. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेल्या या बाईंच्या शेजारचं घर एकोणीस वर्षांपूर्वी पाडलं गेलं. तेव्हापासून त्या प्लॉटवरचं गवत त्याच कापत. सांगितलं कोणी नव्हतं. पण एल्डर स्ट्रीटवर दाराशेजारी गवत वाढू देणं म्हणजे रात्रीच्या गाउनमध्ये चर्चला जाणं.

मुलगी रोशेल दोन मुलांसह त्यांच्या पुढच्या खोलीत राही. थोरल्याचे पाय सोफ्याबाहेर लोंबायला लागले, तेव्हा बाईंनी प्लॉटवर रोशेलसाठी घर मिळावं म्हणून अर्ज केला.

बँकेचे तपासनीस कोवालचिक आले. दुर्दशेचे शंभरपैकी गुण द्यायचा त्यांच्याकडे तक्ता होता. प्लॉटला तीन मिळाले (एका कागदी कपाचे. कप त्यांचाच होता).

"बाई, सगळ्यात वाईट प्लॉट आधी, असा नियम आहे. तुमचा प्लॉट सुखात आहे."

"सुखात आहे, कारण मी गवत कापते."

"तेच म्हणतो मी. नका कापू."

"मग माझ्या दाराशी रान माजेल."

"पंचाहत्तर गुण झाले की घर होईल."

बाईंनी गवत कापायच्या यंत्राला कुलूप घातलं आणि खिडकीशी बसल्या. नवव्या दिवशी गल्लीला गवत दिसलं. गल्लीने काढायचा तोच अर्थ काढला: मिस अर्नेस्टाइन (गल्ली त्यांना आदराने असंच म्हणे) अंथरुणाला खिळल्या. शनिवारी सकाळी सहा पुरुषांनी प्लॉट कापून, कडा छाटून, जिरेनियमची रोपं लावली. बायकांनी मॅकरोनी-चीजची अकरा भांडी आणली.

"पडून राहा, मिस अर्नेस्टाइन," चर्चचे कारभारी ओटिस ग्रेडी म्हणाले.

"मला काही झालेलं नाही, ओटिस."

"माझी आईसुद्धा असंच म्हणायची. शेवटपर्यंत."

पुढच्या तपासणीत प्लॉटला उणे चार गुण मिळाले. (तक्त्यात उणे गुणांची सोय नव्हती. कोवालचिकांनी समासात लिहिले.)

मग रविवारी बाईंनी चर्चमध्ये उभं राहून खरं काय ते सांगितलं. लोक हेलावले. दुर्दशेसाठी सात जणांची समिती नेमली गेली. जमा झालेलं साहित्य असं: जुने टायर बावीस, सोफा एक, न्हाणीचा टब एक, फ्रीज दोन (मुलं आत अडकू नयेत म्हणून दारं काढून). टायर आकाराप्रमाणे लावले. गवत लवकर वाढावं म्हणून त्याला रोज पाणी घातलं. एकोणीस वर्षांच्या निगेमुळे तण काही केल्या येईना, तेव्हा ओटिस यांनी भावाच्या शेतातून काटेरी झुडपांची रोपं आणून एका ओळीत लावली.

कोवालचिकांनी एक्याण्णव गुण दिले (नऊ टापटिपीमुळे कापले). नोकरीत इतकी मन लावून केलेली हेळसांड आपण पाहिली नव्हती, असं ते म्हणाले.

आता शेवटचा नियम राहिला: शेजाऱ्यांची मतं. गल्लीतल्या एकेचाळीस घरांना बँकेचा छापील कागद गेला. (अर्नेस्टाइनबाईंचं मत नात्यामुळे धरायचं नव्हतं.) पहिला प्रश्न: गावात परवडणारी घरं व्हावीत का? एकेचाळीस घरांनी होय म्हटलं, त्यातल्या अकरांनी खाली रेघ मारून. दुसरा प्रश्न: या प्लॉटवर व्हावं का? त्यावर चाळीस हरकती आल्या. गाड्या लावायला जागा उरणार नाही, चौदा. गटारावर ताण, नऊ. गल्लीचा मोकळेपणा जाईल, सोळा. इतकी छान झुडपं उपटावी लागतील, एक.

ओटिस स्वतः भेटायला आले. टोपी हातात होती.

"रोशेलसाठी जीवसुद्धा देईन, मिस अर्नेस्टाइन. पण कागदावर 'परवडणारं घर' असं लिहिलंय. उद्या रोशेल सोडून गेली, तर तिच्या जागी कोण येईल, सांगता येतं का?"

"ती अजून आलेलीच नाही, ओटिस."

"तेच. आत्ताच विचार केलेला बरा."

प्लॉट बँकेत सुखरूप परत गेला. सोबत बाईंना नोटीस आली, की शेजारच्या प्लॉटवरची घाण आठ दिवसांत काढावी. रोशेलने निकालाचा कागद दोनदा वाचला आणि मुलांचं पांघरूण सोफ्यावर पसरलं. थोरल्याच्या पायाखाली तिने एक खुर्ची लावली.

"आई, एकाने हरकत घेतलेली नाही गं. कोण असेल?"

बाईंनी चष्मा लावून पाहिलं. सोबत जोडलेल्या त्या एका मतावरची सही वाचता येत नव्हती. बँकेलाही ती लागली नाही, आणि आम्हीही शोध घेतला नाही. ती सही आपलीच असणार, याबद्दल वाचकाला एव्हाना खात्री पटलेली असते. गल्लीतल्या एकेचाळीस जणांनाही ती पटलेली आहे.