दाऊदचाचांचे तीन पाहुणे

दाऊदचाचांना पापलेट खायचं असलं की आधी परमिट लागतं. उभं आयुष्य त्यांनी इथे सौदीत, जुबैलच्या केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर म्हणून काढलं. तिथे परमिटवर सही झाल्याशिवाय साधा नटही सैल करता येत नाही. आता अंगात पार्किन्सन शिरलाय, पण शिस्त तीच. गोळीबरोबर मासळी खाल्ली तर गोळी नीट लागू पडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दारावर पाटी आहे : 'गोळी लाईनमध्ये. मासळी बंद.' रत्नागिरीचा माणूस! सून सुरमई तळते आणि हे घड्याळाकडे बघत बसतात.

गोळी लागू पडली की ओरडतात, "प्लांट चालू!" असर उतरला की असतील तिथे थिजतात. एकदा लिफ्टच्या दारातच थिजले. दार उघडतंय, मिटतंय, मागे चार माणसं खोळंबलेली. चाचा शांतपणे म्हणाले, "शटडाउन हाय. जिन्यानं जावा."

मी त्यांचा शेजारी, नाशिकचा, दुसऱ्या एका प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर. चाचा मला 'सेफ्टी' म्हणूनच हाक मारतात. त्यांचा मुलगा शिफ्टवर, सून शाळेत शिकवायला. माझी दुपारची ड्यूटी असली की बस येण्याआधी मी त्यांच्याकडे डोकावायचो आणि दारातच उभ्याउभ्या बिनदुधाचा सुलेमानी चहा प्यायचो. बसायचो कधीच नाही.

मग हाताची थरथर थांबावी म्हणून डॉक्टरांनी आणखी एक गोळी जोडली आणि सोफ्यावर पाहुणे आले. तिघे. अंगात प्लांटमधल्या कामगारांची डांगरी, डोक्यावर हेल्मेट. मला अर्थातच फक्त सोफा दिसायचा.

"चाचा, तिथे कुणी नाहीये."

"माहीत हाय रे! गोळीच्या कागदावर लिवलंय, नसलेली माणसं दिसतील म्हणून. म्हणजे माल बरोबर हाय."

तरी पाच कप चहा व्हायचाच. "ते पीत नाहीत. तू पी," म्हणून तिघांचा चहा माझ्या पोटात जायचा. समोर लॉगबुक असायचं, प्लांटमधल्यासारखं : 'गेस्ट तीन. बोलले नाहीत.'

"घरात सांगू नको," एवढंच त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं. मी कबूल झालो होतो.

पण एका दुपारी पाहुण्यांना निरोप द्यायला म्हणून ते जिन्यावर निघाले आणि मधल्याच पायरीवर थिजले. कठड्याला धरून उभे होते. मी वेळेवर पोहोचलो म्हणून पडले नाहीत. आमच्या धंद्यात अपघात होता होता टळला तरी रिपोर्ट द्यावाच लागतो. मी त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं, त्याने डॉक्टरांना. नवी गोळी हळूहळू कमी झाली. पाहुणे गेले. हाताची थरथर मात्र परत आली.

बरोबरच वागलो, असं मी स्वतःला रोज बजावत होतो आणि रोज त्यांच्या दारावरून गुपचूप पुढे जात होतो. आठवड्याने ड्यूटीवर निघताना हिंमत करून बेल वाजवली.

"चाचा, माझं चुकलं. तुम्हाला शब्द दिला होता."

"चुकलं कसलं? तू रिपोर्ट दिलास. मी असतो तर मीपण दिला असता." त्यांनी ट्रे उचलला. पाच कप एकमेकांवर किणकिणत होते. "सवय," ते ओशाळून म्हणाले.

"तिघं कधी बोलले का हो तुमच्याशी?"

"नाय. एक अक्षर नाय." ते रिकाम्या सोफ्याकडे बघत राहिले. "पण बस आली म्हणून उठून जायचे नाहीत."

खाली कंपनीची बस हॉर्न देत होती. "यल्ला, चल सेफ्टी," चाचा म्हणाले, "तुझी गाडी."

मी ड्रायव्हरला फोन करून पुढे जायला सांगितलं. मग हेल्मेट काढलं आणि सोफ्याच्या बरोबर मध्ये बसलो. पाचातला पहिला कप उचलला आणि नाशिकच्या थंडीबद्दल बराच वेळ सांगत राहिलो.

चाचांनी लॉगबुक ओढलं. थरथरत्या हाताने एक ओळ लिहायला त्यांना फार वेळ लागला. मी वाकून वाचली.

'गेस्ट एक. फार बोलतो. चहा पितो.'