उंटाच्या जागी किल्ली

नगराध्यक्ष चोर्दाश ओत्मार यांची किल्ली हरवली ती बुद्धिबळापायी. शारकुतच्या गरम कुंडात छातीपर्यंत बुडून, तरंगत्या पटावर ते रोज सकाळी औषधवाल्या पाल्फीशी खेळतात. सोंगट्यांच्या बुडाला शिसं आहे, त्यामुळे सोंगटी पाण्यात पडली की गेली. पांढरा उंट असाच गेला, पण तो पाल्फीनं चोरला असं ओत्मार गावभर सांगतात. त्याच्या जागी ते आपल्या कपड्यांच्या खोलीची किल्ली मांडतात. मारलेल्या सोंगट्या दोघंही डोक्यावरच्या रबरी टोपीत खोचतात. यात शारकुतमध्ये कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्या सकाळी ओत्मारांचं लक्ष खेळात नव्हतं. राजधानीहून हायनल्काबाई येणार होत्या. प्रवाशांसाठी या भागाचं पुस्तक त्या लिहितात आणि पान देतात ते फक्त इतिहास असलेल्या गावांना. मागच्या खेपेला आमच्या वाट्याला एक ओळ आली होती: 'होलोव्हारच्या किल्ल्याकडे जाताना इथे पेट्रोल मिळते.' पेट्रोल! आमच्या पाण्यानं अर्ध्या देशाचे गुडघे सरळ केले, आणि आम्ही पेट्रोल! होलोव्हारच्या कुंडात बॉयलरवर तापवलेलं नळाचं पाणी असतं. ना रंग, ना वास. आमचं चहासारखं तपकिरी आहे, त्याला नासक्या अंड्यांचा वास येतो आणि ते थेट जमिनीच्या पोटातून येतं. पाणी म्हणतात ते याला.

ओत्मार गाडीच्या आवाजाकडे कान लावून फाटकाकडे बघत असताना पाल्फीनं एक सोंगटी मारून टोपीत सारली.

"वजीर सांभाळ रे," तो म्हणाला.

"आधी चोरलेला उंट दे!"

"काय करू घेऊन? चारा घालू त्याला?"

ओत्मारांनी संतापून पाण्यावर थाप मारली. पट उलटला, सोंगट्या बुडाल्या. मग त्यांना किल्ली आठवली. कोट, विजार, नगराध्यक्षपदाची तिरंगी फीत, फोन, सगळं त्या खोलीत होतं.

"दार फोड," पाल्फी म्हणाला.

"खबरदार!" कुंडाची राखण करणाऱ्या एतेल्काकाकू ओरडल्या. "ओत्मार, त्या दारावर तूच पाटी ठोकलीस ना? 'सम्राटांच्या काळातलं ओक लाकूड, हात लावू नये.' गावात जुनं म्हणून दाखवायला तेवढंच उरलंय. बाई यायच्या आधी तेच फोडतोस?"

हे खरं होतं. आमचा किल्ला तुर्कांनी जाळला आणि उरलेले दगड आमच्याच आजोबांनी डुकरांच्या खोपटांना लावले.

"मग पाणी सोडा," ओत्मार म्हणाले.

पाणी आपसूक वाहतं राहतं, म्हणून कुंड कधी कुणी उपसलं नव्हतं. काकूंनी कुरकुरत पाणी अडवणारी जुनी फळी वर ओढली. पाणी गेलं. खाली गुडघाभर काळा चिखल निघाला. दोघं त्यात ओणवे झाले, डोक्यावर टोप्या तशाच, कारण टोपीशिवाय कुंडात उतरायचं नाही हा नियम ओत्मारांचाच होता.

"माझ्या नवऱ्याचे, यानोशचे खोटे दात!" काकू एकदम किंचाळल्या. "मेल्याला दातांशिवाय पुरला मी!"

तेवढ्यात पाल्फीनं चिखलातून उंट उपसला. "हा बघ चोरीचा माल! माग माफी!"

"नंतर मागतो. किल्ली शोध."

"पाणी कुठाय?" काठावरून आवाज आला. हायनल्काबाई वही घेऊन उभ्या होत्या. "आणि नगराध्यक्ष कुठायत?"

ओत्मारांनी एक डोळा मिटून क्षणभर विचार केला. मग पोटावरचा चिखल पुसला आणि चड्डीवरच ताठ उभे राहिले.

"मीच. पाणी संध्याकाळपर्यंत येईल. आमचं आहे, जाणार कुठे? तोवर तुम्हाला गाव दाखवतो." त्यांनी चिखलात हात घातला. "ही मातीची चिलीम, तुर्काची. किल्ला जाळला आणि अंग शेकायला इथंच आला. ही बुटाच्या टाचेची आर, सम्राटाच्या घोडेस्वाराची. हे ताऱ्याचं बक्कल रशियन शिपायाचं. कायमचा राहायला आला होता, गेला तो विजार धरून. आणि हे दात आमच्या यानोशचे. सगळे आले, भिजले, गेले. पाणी आमचं राहिलं."

बाईंनी वही काखेत मारली. मग बूट काढून चिखलात उतरल्या.

"होलोव्हारला सगळं काचेमागे ठेवलंय हो," त्या म्हणाल्या. "तेही धुऊन पुसून. तुम्हाला दोन पानं देते. पण हा वास लिहू कसा?"

"आहे तस्सा लिहा," काकू म्हणाल्या, आणि त्यांना तेलात तळलेली गरम लांगोश रोटी खाऊ घालायला काठावर घेऊन गेल्या. दातही बरोबर नेले.

पाल्फीनं बाईंना वाकून निरोप देताना अदबीनं टोपी काढली. तिच्यातून दोन प्यादी पडली, आणि किल्ली.

दोघं किल्लीकडे बघत राहिले.

"उंट म्हणून मारली होती वाटतं मी," पाल्फी पुटपुटला. "आता माफी कुणी मागायची?"

ओत्मारांनी वळून पाहिलं. बाई दोन्ही हातांनी लांगोश खात होत्या आणि काकू त्यांना दात दाखवत होत्या. ओत्मारांनी पायाच्या अंगठ्यानं किल्ली चिखलात दाबली, खोल, दिसेनाशी होईपर्यंत.

"राहू दे तिथंच," ते म्हणाले. "पुढे कुणाला तरी सापडेल."

आणि नगराध्यक्ष चड्डी-टोपीवरच, छाती काढून, भर चौकातून घरी गेले.