बारा नंबरच्या वर्गातला आवाज

प्रा. मनोहर ठोंबरे यांना कॉलेजने भर तासाला बडतर्फ केलं तेव्हा ते घरी गेले आणि त्यांचा आवाज बारा नंबरच्या वर्गातच राहिला. धडा अर्धवट टाकायचा नाही, ही त्याची जुनी खोड. दुसऱ्याच दिवशी मी, म्हणजे सरांचा वकील, कोर्टातून 'जैसे थे'चा हुकूम आणला आणि पेढे वाटले. हुकमाप्रमाणे वर्गातली कुठलीच गोष्ट हलवता येईना. आवाजसुद्धा. अर्जातून आवाज वगळायला हवा होता, असं बाररूममधले शहाणे आता सांगतात. तेव्हा एकालाही सुचलं नव्हतं.

सरांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी संस्थाध्यक्षांच्या पुतण्याला तर्कशास्त्रात नापास केलं होतं.

खटला रखडला. आवाज रोज तास घ्यायचा. प्राचार्य इंगोले त्याच्यावर खूश होते. तो रजा मागत नसे, चहाला उठत नसे. सर मात्र पाटी-पेन्सिल घेऊन नोकरी शोधत हिंडत होते आणि घर त्यांची बायको शिवणकामावर चालवत होती. शेवटी शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजने नुसत्या अर्जावरून त्यांची निवड केली, पण अट घातली की आधीच्या कॉलेजातल्या कोणीतरी शिफारस करावी. ही नोकरी हुकली असती तर दुसरी मिळणार नव्हती.

मी इंगोल्यांकडे गेलो.

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, वकीलसाहेब," ते म्हणाले. "मी नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी तुम्ही ते पुरावा म्हणून दाखल कराल."

"केलंच असतं," मी म्हणालो. "मग आवाजाला बोलू द्या. तो तुमच्या हजेरीपटावर आहे."

इंगोल्यांनी नियमावली चाळली. तासाच्या वेळेबाहेर आवाजाने खाजगीत बोलायला हरकत दिसेना.

मधल्या सुट्टीत नव्या कॉलेजच्या प्राचार्या गिरीबाई यांना फोन लावून मी तो वर्गातल्या टेबलावर ठेवला. ठोंबरेसर दाराबाहेर कान देऊन उभे राहिले.

"आपण त्यांना कधीपासून ओळखता?" बाईंनी विचारलं.

"जन्मल्यापासून," आवाज म्हणाला. "पहिला टाहो मीच फोडला."

"माणूस कसा आहे?"

"सज्जन. फक्त एक सांगायला हवं. ते बोलत नाहीत."

मी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला आवाज, त्याला सोयीचं खोटं कुठून जमणार!

मग बाई म्हणाल्या, "मीटिंगमध्येसुद्धा नाही?"

"नाही."

"संस्थेविरुद्ध?"

"शक्यच नाही."

"आणि कायम असेच राहतील ना?"

आवाज जरा अडखळला. "मी इथे आहे तोवर."

"सोमवारी रुजू व्हायला सांगा."

दाराबाहेर सर रडत होते. आनंदानेच असावं, हुंदकाच नव्हता, त्यामुळे नक्की कळेना.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही खटला जिंकलो. बडतर्फी बेकायदा ठरली आणि आवाज मूळ मालकाच्या ताब्यात द्यावा, असा हुकूम झाला. मी स्वतः त्याला एसटीने घेऊन निघालो. वाटेत त्याच्या तोंडाला खळ नव्हता. वहिनींना कशी हाक मारणार, मुलांना आधी काय विचारणार, सगळं त्याने ठरवून ठेवलं होतं.

स्टाफरूममध्ये ठोंबरेसर गिरीबाईंच्या शेजारी बसले होते. अंगावर नवा शर्ट, तब्येतही सुधारलेली.

"सर, मी आलो," आवाज म्हणाला.

बाईंनी मान वर केली. "हे कोण, ठोंबरे?"

सरांनी पाटी पुढे ओढली. पेन्सिल हातात धरून ते बराच वेळ बसले. मग त्यांनी लिहिलं, 'ओळखत नाही.'

मला इतका संताप आला, की ती पाटी हिसकावून फोडावी. फोडली नाही, कॉलेजच्या मालकीची होती.

परतीच्या गाडीत कंडक्टरने किती म्हणून विचारलं. मी दोन तिकिटं घेतली. आवाज खिडकीशी बसला, आणि आमचं गाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.