हैबतरावांनी कार्डाचा नजराणा वसूल केला त्याची हकीकत

श्रीगजवदनाचे पायी मस्तक ठेवोन श्रोतेजनांस विनंती की, घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी कोणे एके राज्यी हैबतराव म्हणोन सरदार होते आणि त्यांजपाशी एका पेढीचे कार्ड होते आणि त्या कार्डाचा वार्षिक नजराणा ऐसा जबर की, त्यांचे कुटुंब सगुणाबाईसाहेब तो आकडा ऐकोन मटकन खाली बैसल्या आणि बोलिल्या, "अहो, फुकटचे पॉइंट मिळवायला इतके पैसे भरायचे? परत करा ते कार्ड." मग रावांनी मिशीस पीळ देऊन सांगितले, "या कार्डावर विमानतळाच्या लाउंजात जेवण मोफत आहे. आपल्या मैनाच्या साखरपुड्याला जाणे आहेच. एका बैठकीत नजराणा वसूल केला नाही, तर कार्ड तुमचे आणि कात्रीही तुमची." ऐसी पैज ठरली.

मग साखरपुड्याचे दिवशी उभयतां कूच करोन विमानतळी बहुत आधी दाखल जाहली. मुहूर्त गोरज होता आणि कन्या मैना परमुलखी वाट पाहत होती आणि जावयाची अंगठी रावांचे खिशात होती. लाउंजात शिरताच रावांनी फुकटची वीज म्हणोन फोन दूर कोपऱ्यात चार्जिंगला लाविला आणि इडल्यांचा फडशा पाडिला आणि मग छोल्यांवरी चालोन गेले आणि मग पुलाव. सगुणाबाई म्हणाल्या, "पुरे आता, चला." तो राव बोलिले, "अजून निम्माच वसूल झालाय. तुम्ही पुढे व्हा, विमानाचा पुकारा झाला की जिलबी तोंडात टाकून आलोच." बाई पुढे गेल्या आणि राव मागोमाग येतील या भरवशावरी विमानात चढल्या.

आता काय सांगावे! त्या विमानतळी पुकारा करावयाची चालच नव्हती. तैसी पाटी भिंतीवरी होती, परंतु रावांची पाठ भिंतीस आणि तोंड जिलबीस. कोपऱ्यात रावांचा फोन बाईंच्या हाकांनी वाजवाजोन निजला. मग राव हात पुसोन विमानाचे दाराशी गेले, तो दार बंद आणि विमान डोळ्यांदेखत आकाशी गेले. हरहर! लेकीचा साखरपुडा आणि बाप जिलबीपायी मागे राहिला, ऐसे आम्ही आजवर ऐकिले नव्हते!

पुढील विमान रात्रीचे होते. त्याचे तिकीट त्याच कार्डावरी काढिले आणि तत्काळ पेढीचा संदेश आला की, अभिनंदन, आपणांस पॉइंट मिळाले, लाउंजात पुनश्च स्वागत असो. राव आत गेले नाहीत, बाहेर बाकावरी बैसले. गोरज समयी फोनच्या पडद्यावरी साखरपुडा पाहिला. खरी अंगठी रावांचे खिशातच राहिली, म्हणोन जावयाचे बोटी मैनाच्या मामांची अंगठी घातली होती, ती सैल होत होती. आईने मैनास विमानाचा घोळ जाहला इतकेच सांगितले होते, म्हणोन ती भर मांडवात फोन हाती घेऊन बोलिली, "आबा, सकाळपासून उपाशीच असाल हो तुम्ही. काही खाल्लंत का?" रावांनी तोंड फिरविले आणि ढळढळा रडले.

रात्री पोहोचताच रावांनी कार्ड सगुणाबाईंचे हाती ठेविले. त्यांनी कात्री मागितली नाही आणि नजराणा फिटला काय हेही पुसिले नाही. येणेप्रमाणे वसुली पुरी जाहली.