रेवतीसाठी घातलेलं गाऱ्हाणं

सुमंगलाकाकींनी सिनेमा अर्धा पाहिला आणि वीज गेली. सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच. पुरा पाहिला असता तर काही घडलं नसतं, आणि काही घडलं नसतं तर डिचोलीजवळच्या त्या गावातलं एक चांगलं घर गुपचूप मोडलं असतं. म्हणून सांगायला लागण्यापूर्वी, तारेवर पडून वीज घालवणाऱ्या फणसाच्या फांदीला आपला एक नमस्कार.

सिनेमा तसा प्रेमाचा आणि विनोदी. त्यातल्या रेवतीला नवरा वाढदिवसाच्या दिवशीच घटस्फोटाची नोटीस पाठवतो आणि ती सूड म्हणून त्याच्या ऑफिसात त्याचीच साहेबीण होऊन बसते. लोक म्हणे थिएटरात पोट धरून हसले. काकी पदराने डोळे पुसत होत्या. "शिरा पडो त्याच्या तोंडार!" म्हणून टीव्हीसमोर बोटं मोडत होत्या. रेवती नवऱ्याच्या नव्या गाडीची वाट लावायला निघाली आणि पडदा काळा झाला. त्या दिवशी काकींच्या घशाखाली पेजसुद्धा उतरली नाही. त्या पोरीचं पुढे काय झालं असेल?

सिनेमा लावून दिला होता सुनेने, सोनमने. तिने तो आधीच दोनदा पाहिला होता, आणि हसायला म्हणून नव्हे. सोनम आणि तिचा नवरा रुद्रेश दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. देवळाच्या जत्रेत गावचं मंडळ नाटक करतं. लग्न होऊन आल्यापासून मुख्य काम सोनमचं. यंदा मंडळाची माणसं विचारायला आली, तेव्हा रुद्रेशने दारातूनच सांगून टाकलं, "तिका जमूचा नाय." सोनमला विचारलंही नाही. काम दुसऱ्या गावच्या मुलीला गेलं आणि सोनमला ते बाजारात कळलं.

मग जे भांडण झालं ते झालं. "मी पेडण्याक जातंय, परत येवचंय नाय," ती म्हणाली. "जा," तो म्हणाला. हट्टाने म्हणाला, पण म्हणाला. बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती. गुरुवारी ती माहेरी निघणार होती, कायमची. तोवर सूड म्हणून ती रुद्रेशच्या डब्यात रोज अळसांद्यांची आमटी देत होती. अळसांदे म्हणजे चवळी, आणि ती त्याला डोळ्यांसमोर नको. तोही रोज डबा चाटूनपुसून परत आणत होता. काकींना यातलं काही ठाऊक नव्हतं. मागच्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आलेली, म्हणून त्यांच्यासमोर दोघं "चहा घेतलंस?" "घेतलंय हां" असं गोड बोलत. काकींची पाठ वळली की घर मुकं.

सोमवारी सकाळी काकी नारळ घेऊन देवळात गेल्या. आपल्याकडे काही अडलं की देवाला गाऱ्हाणं घालायचं. पुजारी मोठ्याने देवाला सगळी हकीकत सांगतो आणि जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. पण सिनेमातल्या बाईसाठी गाऱ्हाणं घाला, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

"भटमाम, एका पोरीचो संसार मोडता हा. तिच्यासाठी घाला," काकी म्हणाल्या.

"पोर कोणाची?" गोकुळदास भटांनी विचारलं.

काकी घुटमळल्या. "आमच्याच घरातली म्हणा."

म्हणजे टीव्ही घरातलाच की! मग त्यांनी नवऱ्याने बायकोला पाठवलेल्या नोटिशीपासून तिच्या सुडापर्यंत सगळं सांगितलं, सिनेमाचं तेवढं गाळून. गोकुळदासांनी डोळे मिटले. त्यांचा आवाज असा की रस्त्यावरची बस थांबावी. "हे बा देवा म्हाराजा! ह्या सुमंगलाच्या घरात घोवान बायलेक सोडचिठी दिल्यान!"

"व्हय म्हाराजा!"

"बायल सूड घेवक निघाली!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या दोघांका सुबुद्धी दी आणि मोडता तो संसार सावर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले आणि मग एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. काकी हलक्या मनाने देवळाबाहेर पडल्या आणि थेट विजेच्या खांबापाशी गेल्या. तिथे लाइनमन चढला होता. "लवकर कर रे बाबा, एका बायलेच्या जिवाचो प्रश्न आसा," म्हणत त्या खाली दगडावर बसून राहिल्या.

इकडे शेजारची कमल वाटीभर सोलकढी घेऊन सोनमकडे आली. "नोटीस खंय आसा गो? माका दाखय. माझो भाचो वकील आसा." सोनमला वाटलं, रुद्रेशनेच घरातलं बाहेर सांगितलं. तिकडे रुद्रेशच्या कारखान्यातही गाऱ्हाण्याची बातमी पोचली होती. साहेबाने त्याला बोलावून खुर्ची दिली. पंधरा वर्षांच्या नोकरीत पहिली खुर्ची. "संसार म्हणजे भांड्याक भांडा लागताच," साहेब म्हणाले. कॅन्टीनवाल्याने तर चहाच दिला नाही. "बायलेक सोडतल्याक माझ्याकडे चाय नाय."

रुद्रेशने बाहेर येऊन घरी फोन लावला. कितीतरी दिवसांनी.

"तू आईक सांगलंस?"

"मी? मी कित्या सांगू? तूच सांगलं असशीत!"

"मी सांगूक नाय. मग देवाक कोणी सांगला?"

मग सोनम हळूच म्हणाली, "आई सकाळपासून घराक येवक नाय रे. त्यांच्या छातीत..."

"इलंय मी," म्हणून रुद्रेश निघाला. जेवणाचा डबा तिथेच राहिला.

तो दारात पोचला आणि मागोमाग पेडण्याहून जीपच आली. सोनमचे वडील शिवदास, दोन काका आणि एक मावशी. मागे गोकुळदास भट आणि अर्धा गाव. बातमी पेडण्याला कशी पोचली हे विचारू नये. गोव्यात ते विचारायची पद्धत नाही.

"सोनम, बॅग भर!" शिवदास गरजले. मावशी आत गेली आणि दुसऱ्या क्षणी भरलेली बॅग घेऊन बाहेर आली. रुद्रेश बॅगेकडे बघतच राहिला. ती जाईन म्हणाली होती, पण खरीच भरली असेल असं त्या वेड्याला वाटलं नव्हतं.

"असल्या वायट माणसाच्या घरात एक घटका रवा नको!" शिवदास म्हणाले.

"बाबा, तो वायट नाय," सोनम ताडकन म्हणाली. "बेकूब आसा. पण ता मी म्हणूचा, तुमी नाय."

रुद्रेश सासऱ्यांकडे वळला. "मामा, चूक माझी. मी तिका न विचारता मंडळाक नाय म्हणान सांगलंय."

"पण कित्या रे?" सोनमने विचारलं. दिवाळीपासून तिला हेच 'का' विचारायचं होतं.

रुद्रेश जमिनीकडे बघत म्हणाला, "दरवर्षी तू तिसऱ्या अंकात मरतंस. लोक टाळये वाजयतत. माका बघवत नाय."

सोनमच्या ओठांवर हसू आलं आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकदम. "मग ता माका सांगूचा होता, मंडळाक नाय. औंदा तू काम कर. तिसऱ्या अंकात तू मर, मी खाली बसान रडतंय!"

तेवढ्यात काकी धापा टाकत आल्या. "वीज इली! वीज इली! अरे शिवदासबाब! तुमी पण सिनेमा बघूक इलात?"

"खंयचो सिनेमा?"

मग सगळं बाहेर आलं. रेवती, नोटीस, साहेबीण, नव्या गाडीचा सूड. शिवदास पायरीवर बसून हसले, कमल हसली, जीपचा ड्रायव्हरसुद्धा हसला. हसले नाहीत फक्त गोकुळदास.

"सुमंगला, देवाक सिनेमाचा गाऱ्हाणा घातलंस? चल देवळात. ता परत घेवक व्हया. खोटा गाऱ्हाणा देवाकडे ठेवूचा नसता."

सगळी वरात देवळात गेली. काकींचा चेहरा उतरला होता. गोकुळदासांनी डोळे मिटले. "हे बा देवा म्हाराजा! सकाळचा गाऱ्हाणा चुकान घातला. ह्या घरात कोण कोणाक सोडूक नाय, कोण सूड घेवक नाय. तेव्हा ता गाऱ्हाणा आमी परत..."

"रवा, भटमाम!" सोनम म्हणाली. "परत घेव नकात. ता आमचाच आसा."

लोकांचा "व्हय" तोंडातच राहिला. रुद्रेश पुढे येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. "परत घेव नकात," तोही म्हणाला. "पावला म्हणान सांगा. देवाचे लय उपकार झाले."

गोकुळदासांच्या उभ्या जन्मात सकाळी घातलेलं गाऱ्हाणं दुपारच्या जेवणाआधी पावलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने हात जोडले. "पावलंस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज रुद्रेशचा होता.

काकींनी आधी लेकाकडे बघितलं, मग सुनेकडे, मग मावशीच्या हातातल्या भरलेल्या बॅगेकडे. त्यांना जे समजायचं ते समजलं, आणि छातीत कळबिळ काही आली नाही. त्यांनी मावशीच्या हातातून बॅग काढून घेतली, सोनमच्या पाठीवरून हात फिरवला आणि देवाला पुन्हा एकदा डोकं टेकलं.

"आणि आई, ती रेवती?" सोनमने डोळे पुसत विचारलं. "तिचा काय करूया?"

"रेवतीचा रेवती बघीत," काकी म्हणाल्या. "देवाक एका दिसाक एक घर पुरे."